ती बॅटरी मी केली

आमच्या घरासमोर जे लॉन आहे ते डबलबेडच्या दोन चादरी शेजारी शेजारी अंथरल्या तर झाकून जाईल. पण आमचे हे त्याच्याविषयी बोलतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, मागे कुठेतरी मोर हिंडत असतील. ह्यांचे पणजोबा संस्थानच्या काळात दरबारात होते, असं माझ्या सासरी सांगतात. कोणत्या कामावर होते हे कुणी सांगत नाही. मला संशय आहे की ते पागेतल्या घोड्यांना चंदी घालत असावेत. पण दरबार तो दरबार, आणि त्याच्या खुणा रक्तात उतरतात म्हणे. ह्यांच्या रक्तात त्या लॉनच्या रूपाने उतरल्या.

हे सरकारी खात्यातून निवृत्त झाले तेव्हा बंगलोरच्या मुलीने त्यांना बॅटरीवर चालणारं गवत कापायचं मशीन भेट दिलं. हिरवं, चार चाकांचं, मागे पिशवी लावलेलं. बटण दाबून दांडा धरला की घूंऽऽ करत चालायचं. आमचं लॉन सात मिनिटांत संपायचं. मग हे पिशवीतलं गवत झाडून परत लॉनवर टाकायचे आणि ते गोळा करायला पुन्हा मशीन फिरवायचे. दर रविवारी, डोक्यावर हॅट.

आमची कॉलनी इंदूरला, महू रोडकडच्या अंगाला आहे. मध्ये एक बगीचा आहे आणि त्या बगिच्याची एक समिती आहे. मशीन आल्यावर दुसऱ्याच महिन्यात ह्यांना समितीचा संयोजक केलं गेलं. त्याआधी बगिच्याचं गवत देपालपूरकडचे एक माळीबाबा कापायचे, हाताने ढकलायच्या मशीनने. समितीने ठराव करून त्यांना बंद केलं. ठरावात कारण लिहिलं होतं : प्रदूषणमुक्त बगीचा. हाताने ढकलायच्या मशीनचं प्रदूषण कोणतं, हे मी विचारलं नाही, कारण मला मीटिंगला बोलावलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी बॅटरी मेली. मेली म्हणजे आम्हीच मारली. ह्यांनी ती पूर्ण उतरलेली असताना गच्चीवरच्या टिनशेडमध्ये ठेवली आणि उन्हाळाभर तिच्याकडे पाहिलं नाही. मे महिन्यात त्या शेडमध्ये पापड विस्तवाशिवाय भाजून निघतात. जुलैत गवत वाढायला लागल्यावर हे तिला घेऊन खाली आले, चार्जरवर लावली, तर एक लाल दिवा उघडझाप करत राहिला. हिरवा काही होईना.

कंपनीच्या हेल्पलाइनवरची मुलगी अतिशय गोड बोलली. ते मॉडेल बंद झालंय, बॅटरी मिळणार नाही, नवीन मशीन घ्या, आणि आज तुमचा दिवस शुभ जावो, असं ती म्हणाली. मग समितीचे सल्ले सुरू झाले. अध्यक्षांनी सांगितलं की बॅटरी फ्रिजमध्ये ठेवली की तिच्यात जीव येतो, त्यांच्या मेहुण्याच्या मोबाइलमध्ये आला होता. चार दिवस ती बॅटरी आमच्या फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याला टेकून बसली होती. मी दही काढायला गेले की ती माझ्याकडे बघायची. पाचव्या दिवशी ह्यांनी तिला बाहेर काढून, पुसून, चार्जरवर लावलं. लाल दिवा.

कुणीतरी म्हणालं, माळीबाबांना बोलवा. ह्यांनी फोन केला. माळीबाबा आता दुसऱ्या एका कॉलनीत पक्के झाले होते. त्यांनी हालहवाल विचारला, घरी सगळे ठीक ना विचारलं, आणि सांगितलं की दिवाळीनंतर बघू. पंधरा ऑगस्टला बगिच्यात झेंडावंदन असतं आणि गवत माझ्या गुडघ्याला आलं होतं.

तेव्हा मी म्हटलं की मी बघते.

हे हसले. वाईट हेतूने नाही, आपण टीव्हीवरचं माकड सायकल चालवताना बघून हसतो तसे. मी एकतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं होतं. आमची शाळा मराठी मंडळींनी काढलेली, शिकवायचं हिंदीत, आणि स्टाफरूममध्ये भांडायचं दोन्ही भाषांत. विद्युतधारा हा धडा मी इतक्या वेळा शिकवला की झोपेतही फळ्यावर आकृती काढेन. पण खरं सांगायचं तर घरातला फ्यूज उडाला तर इलेक्ट्रिशियनला फोन करायची मी. हे मात्र मी ह्यांना सांगितलं नाही.

बॅटरीच्या डब्याचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे होते, म्हणजे मालकाने उघडू नये म्हणून मुद्दाम केलेले. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून तसला पेचकस आणला. आत वीस सेल होते. टॉर्चच्या सेलसारखेच, जरा लांबट, दोन-दोनच्या जोड्या करून अशा दहा जोड्या एकामागे एक जोडलेल्या. जोडी शेजारी शेजारी असते म्हणजे पॅरलल, जोडीला जोडी पुढे लागते म्हणजे सिरीज. दहा जोड्यांचे मिळून छत्तीस व्होल्ट. मी हे शेकडो मुलांना समजावलं होतं आणि आज पहिल्यांदा ते माझ्या डायनिंग टेबलवर पडलं होतं. शाळेच्या लॅबमधून भंगारात निघालेला मल्टिमीटर मी ठेवून घेतला होता. त्याने तपासलं. आठ जोड्या कशाबशा जिवंत होत्या, दोन पार गेलेल्या.

मला वाटलं, झालं तर मग. ऑनलाइन वीस नवे सेल मागवले. वरच्या लेबलावर त्यांची ताकद कंपनीच्या मूळ सेलच्या चौपट छापलेली होती. मी खूश झाले. आकडा छापलेला असला की तो खरा असतो, अशी शिक्षकांची समजूत असते.

सेल एकमेकांना जोडायला निकेलच्या पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात, आणि ते मशीन माझ्याकडे नव्हतं. बडा गणपतीजवळ एक दुकान आहे, ई-रिक्षांच्या बॅटऱ्या बांधून देतात, असं कळलं. मी सेल आणि जुना पॅक पिशवीत घालून गेले. दुकान म्हणजे एक लांब खोली, भिंतीला बॅटऱ्यांच्या थप्प्या, आणि मध्ये चाळिशीचा, जाड चष्म्याचा एक माणूस स्टुलावर बसून काम करत होता. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि त्याला काय हवं ते सांगितलं. त्याने माझा एक नवा सेल उचलला, तळहातावर जरा खालीवर केला आणि परत ठेवला.

तो म्हणाला की हे पोकळ आहेत. आत बारकासा सेल असतो आणि बाकी पावडर भरलेली, म्हणून हलके लागतात. आणि गवताचं मशीन एकदम जोराचा करंट ओढतं, त्याला हे चालणारच नाहीत. त्याने मला मूळ सेल हातात दिला, मग माझा दिला. फरक शेंबड्या पोरालाही कळला असता.

मला राग आला. चूक सापडली की मला आधी राग येतो, मग कळतं. मी म्हटलं, वेल्डिंगचं तेवढं सांगा, बाकीचं मला समजतं, मी फिजिक्सची टीचर होते.

"माहीत आहे, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही मला नववीत नापास केलं होतं."

तो हे असं म्हणाला जसं कुणी सांगावं की पुढच्या चौकातून डावीकडे वळा. आवाजात काही नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा मुळीच ओळखीचा वाटेना. तरी मी म्हणाले, हो हो, आठवलं की. शिक्षकाला हे खोटं बोलण्याचा परवाना असतो.

"कुठे बसायचो मी?"

मी म्हटलं, मागच्या बाकावर.

"पहिल्या," तो म्हणाला. "चष्मा नव्हता तेव्हा. फळा दिसायचा नाही."

मग पट्ट्या कापता कापता त्याने बाकीचं सांगितलं. प्रॅक्टिकलला मी त्याला तीन बल्ब दिले होते, दोन पॅरलल आणि एक सिरीजमध्ये लावायचा. त्याने लावले. तिन्ही पेटले. मी त्याची वही पाहिली, वहीत आकृती नव्हती, म्हणून मी शून्य दिलं. लेखी पेपरात तसाही फारसा उजेड नव्हता, पण प्रॅक्टिकलचे मार्क मिळाले असते तर निभावलं असतं. त्याच्या घरची पिढ्यान्‌पिढ्या फौजेतली मंडळी, वडील तेव्हा कुठेतरी चौकीदारी करायचे. त्यांनी त्याला एका ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे बसवला. आता दुकान स्वतःचं आहे.

मी विचारलं की नुसत्या त्या दोन मेलेल्या जोड्या बदलल्या तर नाही का चालणार. विषय बदलायला मला तेवढंच सुचलं.

तो म्हणाला, "मॅडम, म्हाताऱ्या बैलाबरोबर गोऱ्हा जुंपला तर दोघंही मरतात. वीसच्या वीस नवे घ्या."

त्याच्याकडे गर्दी होती, पॅक बांधून द्यायला तो तीन आठवडे म्हणत होता. मला पंधरा ऑगस्ट गाठायचा होता. शेवटी तोच म्हणाला की दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, मशीन रिकामं असतं, तेव्हा या आणि तुमच्या हाताने करा, मी बसल्या जागेवरून सांगत जाईन. मी निघताना म्हणाला की बांगड्या, अंगठी, गळ्यातलं, सगळं घरी ठेवून यायचं. चालू पॅकवर धातू पडला की हात भाजतो, आणि तो भाजतो तेव्हा थोडा नाही भाजत.

हे मी घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी पेपर खाली ठेवला. सेल, व्होल्ट, पोकळ माल, हे सगळं ते पेपराआडून ऐकत होते. मंगळसूत्राशी आल्यावर ऐकण्याची पद्धत बदलली.

"काढायलाच हवं का?"

"छत्तीस व्होल्टला सौभाग्य कळत नाही," मी म्हटलं.

ह्यांनी बरंच समजावलं. कापडाने झाकता येईल, मागे पाठीवर टाकता येईल, लोक काय म्हणतील, रिक्षावाला काय म्हणेल. मी विचारलं की रिक्षावाल्याने ह्यांच्या तब्येतीची चौकशी केली तर काय सांगू. मग त्यांनी पेपर उचलला, पण त्या दिवसापासून मी दुपारी निघाले की दारापर्यंत येऊन माझ्या गळ्याकडे बघत उभे राहायचे. एकदा तर मला वाटलं, ते स्वतःची नाडी तपासून बघतायत.

चांगले सेल दुकानातूनच घेतले. त्याने सांगितलं की एकेक पूर्ण चार्ज करून दोन दिवस ठेवायचा आणि कोणाचा व्होल्टेज उतरतो ते बघायचं, जो उतरेल तो बाजूला. हे काम मी घरी केलं. अध्यक्षांनी ह्यांना कुठलासा व्हिडिओ पाठवला होता ज्यात लिथियमची बॅटरी पेटून स्कूटर जळते. तेव्हापासून हे दिवसभर डायनिंग टेबलाजवळ रेतीची बादली घेऊन बसायला लागले. जेवतानाही बादली शेजारी. मला ह्यांच्याविषयी तेव्हा जरा मायाही वाटली, कारण एवढ्या वर्षांत मी काही करत असताना हे शेजारी बसलेत असं पहिल्यांदाच घडत होतं. एका सेलचा व्होल्टेज उतरला. मी वहीत लिहिलं, हे वाकून बघून म्हणाले, बघ, मी म्हणत नव्हतो? काय म्हणत नव्हते ते मला आजपर्यंत समजलेलं नाही.

दुकानातलं वेल्डिंगचं मशीन पायाने चालतं. दोन तांब्याच्या टोकांखाली पट्टी धरायची, पाय दाबायचा, टक् असा आवाज होतो आणि पट्टी सेलला चिकटते. ऐकायला सोपं. मी पहिल्या दुपारी चार जोड्या जोडल्या आणि घामाघूम झाले. तो उठून आला, पकडीने पट्टीचं टोक धरलं आणि ओढलं. पट्टी केळ्याच्या सालीसारखी निघून आली. दुसरी ओढली, ती पण आली. तिसरी. मी म्हटलं, इतक्या जोराने कोण ओढतं, मशीनमध्ये गेल्यावर कोण ओढणार आहे?

"गवताचं मशीन थरथरतं मॅडम. रोज थोडं थोडं ओढतं." आणि पट्ट्या माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "परत करा."

परत कर, हे दोन शब्द मी एकतीस वर्षांत किती वह्यांवर लाल शाईने लिहिले असतील. लिहिताना मला कधी वाटलं नव्हतं की समोरच्याला ते असं लागतं. दुकानात एक ई-रिक्षावाला बसला होता, त्याने माझ्याकडे बघून चहा पुढे केला. त्याने केलेल्या दयेचा मला त्या पट्ट्यांहून जास्त राग आला. मी चहा घेतला नाही, आणि परत केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी दुकानदाराने पकड लावून ओढलं, पट्टी हलली नाही, आणि तो जाऊन आपल्या कामाला लागला. शाबास म्हणायची त्याला सवय नसावी. मलाही नव्हती.

मग आला तो हिरवा बोर्ड. प्रत्येक जोडीवर नजर ठेवायची, जास्त चार्ज झालं तर थांबवायचं, फार उतरलं तर बंद करायचं, असं त्या बोर्डाचं काम. घरात सासू असते तसं. त्याला अकरा बारीक वायरी होत्या आणि त्या क्रमानेच लावायच्या, एक जरी इकडची तिकडे झाली तरी बोर्ड जळतो. मी पहिली वायर उचलली तर त्याने हात आडवा केला.

"आधी आकृती काढा."

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो थट्टा करत नव्हता. त्याने खरोखरच कागद आणि पेन पुढे केला. मी काढली आकृती, दहा जोड्या, अकरा वायरी, प्रत्येकीला नंबर. माझ्या आयुष्यातली सगळ्यात नीट आकृती असेल ती. त्याने बोट फिरवून तपासली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे मी तेव्हा बरोबर होते."

"आकृतीचं बरोबर होतं," तो म्हणाला. "शून्याचं नव्हतं."

तीन बल्ब पेटलेले असताना मी खाली वहीत बघत होते, एवढं मला त्या दुपारी स्पष्ट दिसलं. मुलगा आठवला नाही. बल्ब सुद्धा आठवले नाहीत. फक्त माझी ती वहीत बघायची तऱ्हा मला चांगली ठाऊक आहे.

अकरा वायरी लागल्या. पॅकवर पिवळी चिकटपट्टी, वरून निळं प्लॅस्टिक गरम करून बसवलं, आणि जुन्या डब्यात तो नवा पॅक घालून मी विजयी वीरासारखी घरी आले. ह्यांनी बॅटरी मशीनमध्ये बसवली, हॅट घातली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. मशीन हललं नाही.

हे दुःखी झाले असं म्हणणं सत्याला धरून होणार नाही. ते म्हणाले की ठीक आहे, प्रयत्न केलास ना, प्रयत्न महत्त्वाचा. निकालाच्या दिवशी मी पालकांना नेमकं हेच सांगायची, तेव्हा त्यांना माझा गळा दाबावासा का वाटायचा हे मला कळलं.

मी दुकानात फोन केला. त्याने थोडा विचार करून विचारलं की जुन्या पॅकमध्ये दोन वायरींचा एक मणी होता का, सेलच्या मध्ये खुपसलेला. होता. तो तापमान सांगणारा सेन्सर, तो नसला की मशीन समजतं बॅटरी खोटी आहे, आणि चालत नाही. मी तो कचरा समजून बाजूला काढला होता. आणि ह्यांनी, इंदूरचे आदर्श नागरिक म्हणून, थोड्या वेळापूर्वीच तो कचरा गाडीत टाकला होता. नुसता टाकला नव्हता, ओला नाही, सुका नाही, धोकादायक कचऱ्याचा जो वेगळा कप्पा असतो त्यात, गाडीवाल्या दादाला विचारून, शिस्तीत. दुसऱ्या कुठल्याही शहरात तो मणी आठवडाभर अंगणात पडून राहिला असता.

गाडी पुढच्या गल्लीत होती. मी चप्पल घालून धावले. दादाला सांगितलं की एक मणी परत हवाय. तो म्हणाला की एक बार गया सो गया मॅडम, उसमें हाथ नहीं डालने का. आणि वर त्याने ह्यांचं कौतुक केलं की साहेब कचरा फार छान वेगळा करतात.

मणी दुकानदाराच्या खणात निघाला, दुसऱ्या कुठल्या पॅकमधला, तसाच. मी तो जोडून घरी आले आणि ह्यांना बोलावलं सुद्धा नाही. स्वतः बटण दाबलं. घूंऽऽ झालं. सात मिनिटांत आमचं लॉन संपलं, आणि हे बाहेर येऊन म्हणाले की कडेला जरा राहिलंय.

बगिच्याचं गवत दोन दिवसांत कापून झालं, ते ह्यांनी कापलं, ते मी नाकारत नाही. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, बुंदीचे लाडू वाटले, आणि मग अध्यक्षांनी माइक हातात घेतला. त्यांनी हिंदीत सांगितलं की आपल्या कॉलनीत असे भिया, म्हणजे भाऊ, आहेत ज्यांनी घरबसल्या लिथियम बॅटरी तयार केली, परदेशी कंपनीने हात वर केले तरी हार मानली नाही. ह्यांना पुढे बोलावलं, शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. ह्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं, की मी नाही, हिने केली. ह्यांनी शाल नीट केली.

मी तिसऱ्या रांगेत होते. उठले, आणि उभ्या जागेवरूनच, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हटलं, "ती बॅटरी मी केली. आणि मला शिकवली ज्याने, त्याला मी नववीत नापास केलं होतं."

मग सगळे हसले, आणि टाळ्या पहिल्यापेक्षा जोरात झाल्या. अध्यक्ष म्हणाले, देखिए, टीचर लोगों का सेन्स ऑफ ह्यूमर. नंतर लाडवांच्या टेबलाशी एक बाई माझा हात धरून म्हणाल्या की तुम्ही साहेबांना किती साथ देता, आमच्याकडे तर हे काही करायला गेले की मी चिडतेच. मी खरं बोलले होते, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं, आणि कुणालाही ते ऐकू आलं नव्हतं.

घरी आल्यावर ह्यांनी बराच वेळ शालीची घडी घातली. मग म्हणाले, "तिथे बोलायची गरज होती का?"

"तुम्ही बोलला असता तर नव्हती."

त्या दिवशी जेवताना एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कुठे जातो न सांगता निघाले. दुपारी परत आले ते चिडलेले. बडा गणपतीला गेले होते, शाल आणि नारळ घेऊन. दुकानदाराने त्यांना स्टूल दिलं आणि एका ई-रिक्षावाल्याचं काम होईपर्यंत बसवून ठेवलं. मग त्यांनी शाल दिली, त्याने हात जोडून घेतली आणि विचारलं, बॅटरी गरम तर होत नाही ना. बस, एवढंच. ह्यांनी भाषण तयार करून नेलं होतं, ते तसंच परत आणावं लागलं. येताना हे त्याचं आडनाव विचारून आले होते आणि म्हणाले की फौजेतलं घराणं आहे, म्हणजे तसे आपल्यातलेच. पण गेले होते हे खरं, आणि त्यांना कुणी पाठवलं नव्हतं. ते मी त्यांच्या बाजूने धरते.

मी पुढच्या आठवड्यात गेले तर शाल वेल्डिंगच्या मशीनवर पांघरलेली होती, धूळ बसू नये म्हणून. नारळाची चटणी झाली होती.

मी मनात ठरवून गेले होते. त्याला म्हटलं की ओपन स्कूलमधून दहावीची परीक्षा देता येते, कुठल्याही वयाला, मी शिकवते, रोज यायची तयारी आहे. मी हे फार छान बोलले. तो चष्मा पुसत ऐकत होता.

"मला काय करायची दहावी, मॅडम?" तो म्हणाला. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून देऊ का?"

मी उठून निघायला हवं होतं, पण बाहेर ऊन होतं आणि खरं म्हणजे मला निघायचं नव्हतं. थोड्या वेळाने त्याने एक खोकं माझ्याकडे सरकवलं. तपासायचे सेल होते, शंभरेक. म्हणाला, बसलाच आहात तर हे बघून टाका.

आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. घरी कपाटात मंगळसूत्र ठेवते आणि हे दारापर्यंत येतात, पण गळ्याकडे बघत नाहीत, डबा विसरला का ते विचारतात. कॉलनीत अजूनही ती बॅटरी साहेबांची आहे, आणि कुणी विचारलं तर हे म्हणतात की आम्ही दोघांनी मिळून केली. एवढी प्रगती झाली. रेतीच्या बादलीचा हिस्सा धरला तर ते अगदीच खोटं नाही.

मागच्या शुक्रवारी मानपूरकडचा एक शेतकरी फवारणीच्या पंपाची बॅटरी घेऊन आला होता. ती माझ्याकडे आली. मी आकृती काढून काम करत होते आणि तो माझे पांढरे केस बघत उभा होता. थोड्या वेळाने त्याने दुकानदाराला हळूच विचारलं की ह्या बाई कोण.

दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "नयी हैं. सीख रही हैं."

शेतकरी म्हणाला की मग माझा पंप तुम्हीच करा ना भिया. दुकानदार म्हणाला की होईल, मी तपासून देईन. मी पुढची पट्टी उचलली आणि पाय दाबला.